वेंधळ्याची बिअर

एवाल्डने चिमट्यात धरलेला स्क्रू खिडकीच्या उजेडात नेला, चष्मा कपाळावर सरकवला आणि डोळा जवळजवळ त्याला टेकवूनच पाहिलं. आटे कोरडे ठणठणीत होते. निळ्या गोंदाचा मागमूस नव्हता.

"वाटलंच होतं मला," तो स्वयंपाकघराला म्हणाला. घरात दुसरं ऐकायला कोणी नव्हतं.

टेबलावर जुनं वर्तमानपत्र अंथरून त्यावर टिटवी मांडली होती, म्हणजे तिचं जे काही उरलं होतं ते. मुख्य दांडा वाकलेला, शेपटीची नळी मधोमध मोडलेली, मोठी पाती टोकापासून पिंजलेली, आणि सगळ्याला बीटच्या शेतातली काळी माती. रिमोटवर उडणारं हेलिकॉप्टर कुशीत मावण्याएवढं असलं, तरी पडतं ते खऱ्यासारखंच. मागच्या शनिवारी क्लबच्या मैदानावर ती हवेत छान स्थिर उभी होती. मग एकाएकी भोवऱ्यासारखी स्वतःभोवती फिरायला लागली आणि कुंपणापलीकडच्या बीटमध्ये जाऊन रुतली.

एवाल्ड तिच्यापाशी पोचायच्या आत क्लबचा अध्यक्ष प्रेबेन मागून बोलला होता, "अंगठे, एवाल्ड, अंगठे. वय झालं की आधी अंगठे जातात."

रिमोटच्या दोन्ही दांड्या अंगठ्यांनीच हलवायच्या असतात, त्यामुळे मैदानावर यापेक्षा मोठी शिवी नाही. एवाल्डने एस्ब्यर्गच्या बंदरात जन्मभर क्रेन चालवली. पश्चिमेचं वादळ सुटलेलं असताना त्याने कंटेनर असे टेकवले की खालच्या माणसाच्या कपातली कॉफी हिंदकळली नाही. त्याच्या अंगठ्यांना नावं ठेवायची, आणि तीही प्रेबेनने, ज्याला स्वतःची गाडी दोन रेघांच्या मध्ये लावता येत नाही! एवाल्डच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती आठवडा होत आला तरी उतरली नव्हती.

अपमान तिथेच थांबला असता तरी त्याने गिळला असता. पण वसंतापासून टिटवी दुसऱ्यांदा आदळली होती, म्हणून समितीने तिथल्या तिथे ठरवलं की नाताळपर्यंत एवाल्डने केबल लावून उडवायचं. केबल शिकाऊंसाठी असते. तिच्या एका टोकाला शिकणाऱ्याचा रिमोट, दुसऱ्या टोकाला शिकवणाऱ्याचा. शिकणारा चुकला की शिकवणारा एक खटका दाबतो आणि ताबा आपल्याकडे घेतो. अर्ध्या क्लबला त्याच केबलवर एवाल्डने उडवायला शिकवलं होतं. आता तो तिच्या दुसऱ्या टोकाला उभा राहणार होता, नाकातल्या वेसणीसारखी ती मिरवत.

आणि एवढं करून ते वर क्वायबायर मागत होते. क्वायबायर म्हणजे वेंधळ्याची बिअर. ज्याच्या हातून गाढवपणा होतो, त्याने बिअरचा क्रेट आणून बाकीच्यांना पाजायचा आणि मग तो विषय मिटतो. इकडे जटलंडमध्ये पाद्रीही यातून सुटत नाही. एवाल्डने सांगितलं होतं की त्यापेक्षा तो समुद्राचं पाणी पिईल, आणि कॉफी न घेता निघून आला होता.

आता मात्र स्क्रूच बोलत होता. शेपटीच्या छोट्या पंख्याची पाती एक प्लास्टिकची काडी वळवते आणि ती काडी या एकाच स्क्रूवर असते. निळा गोंद लावला नाही तर थरथरीने स्क्रू ढिला होतो, काडी लोंबकळते आणि हेलिकॉप्टरला शेपटीच राहत नाही. हा अर्धाअधिक बाहेर येऊन लटकला होता. अंगठ्यांचा यात काय संबंध?

आणि शेपटी कोणी जोडली होती? टोवेने. वसंतात एवाल्डचं मनगट प्लास्टरमध्ये होतं, तेव्हा तिने क्लबच्या टेबलावर बसून ती सगळी नव्याने बांधली. एवाल्डच्याच हाताखाली उडवायला शिकलेल्या टोवेने आयुष्यभर लोकांच्या कवळ्या बनवल्या. तिची एक सवय सगळ्यांच्या चेष्टेची होती. गोंद लावून स्क्रू आवळला की ती नेलपॉलिशची एक बारीक लाल रेघ ओढायची, स्क्रूच्या डोक्यावरून थेट खालच्या भागावर. स्क्रू केसभर जरी फिरला, तरी रेघ तुटलेली दिसते. टिटवी ब्यूटी पार्लरमध्ये जाऊन आली, असं पोरं म्हणायची.

एवाल्डने स्क्रूचं डोकं पुन्हा पाहिलं. गोंद नाही आणि लालीही नाही. सरळ विसरली बाई. विसरली तर विसरली, पण प्रेबेन अंगठ्यांवर कीर्तन करत होता तेव्हा ही शेजारी बसून दालचिनीचा केक खात होती. करून सवरून नामानिराळं राहायचं, याची एवाल्डला जन्मभराची चीड होती. त्याने स्क्रू काडेपेटीत ठेवला, तुटकी काडी मातीसकट रुमालात बांधली आणि शनिवारची वाट पाहिली.

शनिवारी क्लबच्या खोलीत सगळे जमल्यावर त्याने ती दोन्ही कॉफीच्या थर्मासपाशी मांडली.

"हे घ्या माझे अंगठे," तो म्हणाला.

मग त्याने सगळं समजावून सांगितलं, गोंद कुठे हवा होता आणि शेपटी कोणी जोडली होती हेही. नाव घेताना त्याचा आवाज चढला, पण त्याला त्याचं काही वाटलं नाही. प्रेबेनने स्क्रू बोटात फिरवला, आटे पाहिले आणि एवढंच म्हणाला की कोरडा आहे खरा. मग सगळ्यांनी टोवेकडे पाहिलं.

टोवेने स्क्रूला हात लावला नाही. तिने काडी उचलली, अंगठ्याने तिच्यावरचं वंगण आणि माती पुसली, आणि कवळी कुठे टोचते ते पाहावं तसं बराच वेळ पाहत राहिली. मग अंगठा तिथेच ठेवून तिने विचारलं, "मास्तर, हा स्क्रू तूच लावला होतास का रे? मध्ये कधी?"

"हो तर, आणि राजेसाहेब आले होते मदतीला," एवाल्ड म्हणाला. कोणीतरी हसलं. "शेपटी तू बांधलीस टोवे. माझा हात गळ्यात होता तेव्हा. की तेही मीच केलं?"

टोवेने मान खाली घातली.

"राहिलं असेल माझ्याकडून," ती म्हणाली.

"असेल?"

"राहिलं. माझ्याकडून राहिलं."

एवाल्डने घरून निघताना मोठं भाषण जुळवून आणलं होतं, त्याचा निम्मा भाग तसाच तोंडात राहिला. भांडायला कंबर कसून यावं आणि समोरच्याने दारच उघडं टाकावं, तसं झालं. टोवे काडी कोटाच्या खिशात टाकत म्हणाली की आता ही फेकूनच देऊ, धातूची बसवू. एवाल्डने तळहात पुढे केला.

"पुरावा माझा आहे."

तिने काडी बाहेर काढली, वंगणाने माखलेला अंगठा तिच्यावरून पुन्हा एकदा फिरवला. मग तिने काडी त्याच्या हातावर ठेवली आणि गाडी घेऊन गेली. परत आली ती बिअरचा क्रेट घेऊन. सगळ्यांनी तिच्या वेंधळेपणाच्या नावाने बाटल्या उघडल्या, समितीने केबल रद्द केली, आणि प्रेबेन अंगठ्यांबद्दल माफी मागितल्यासारखं काहीतरी मिशीत पुटपुटला. एवाल्डने दोन बाटल्या संपवल्या. हक्काची बिअर वेगळीच लागते.

निघताना टोवेने त्याच्या पिशवीत एक लहानशी पेटी टाकली. तिच्याकडे जास्तीची होती. टिटवीच्या डोक्यावर तोल सांभाळायला जुन्या काळची आडवी दांडी होती. ती काढून ही इलेक्ट्रॉनिक पेटी बसवायची, मग तोल आपोआप सांभाळला जातो, आणि गोंधळ झालाच तर एक बटण दाबलं की हेलिकॉप्टर स्वतःच सरळ होतं.

"पट्टीच्या पोहणाऱ्याला भोपळा बांधतेस?" एवाल्ड म्हणाला.

"ठेव तरी," ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात त्याने टिटवी उभी केली. नवा दांडा घातला, नवी नळी घातली, पट्टा ताणला, पाती बदलली. काम करताना तो शीळ घालत होता. टोवेची पेटी पावाच्या डब्यावर तशीच पडून होती. शेवटी टपालाने धातूची काडी आली. तिला दोन भोकं होती, जवळचं आणि लांबचं, आणि जुनीत स्क्रू कुठल्या अंतरावर होता ते मापायला त्याने जुनी काडी रुमालातून काढली. काळ्या वंगणात माप नीट दिसेना, म्हणून ती स्पिरिटने धुतली.

भोकाच्या कडेपासून एक लाल रेघ निघाली होती. बारीक, सरळ, तांदळाच्या दाण्याएवढी.

एवाल्डने भिंग आणलं. रेघ भोकाच्या काठाशी तुटली होती. म्हणजे तिचा उरलेला अर्धा भाग स्क्रूच्या डोक्यावर असायला हवा. त्याने काडेपेटी उघडली. स्क्रूचं डोकं काळं आणि स्वच्छ होतं. नेलपॉलिश निघून गेलं असेल, असं त्याने मोठ्याने म्हणून पाहिलं. पण शेपटीवरचे टोवेचे बाकीचे स्क्रू त्याच बीटच्या शेतातून आले होते आणि त्यांच्या रेघा शाबूत होत्या. शिवाय ते सगळे पांढरे, चकचकीत होते. हा काळा होता.

काळे स्क्रू ज्येष्ठमधाच्या गोळ्यांच्या डब्यात असायचे. तो डबा एवाल्डच्या मैदानावर न्यायच्या पेटीत होता. त्याने तो वर्तमानपत्रावर उपडा केला. काळ्यांच्या ढिगात एक पांढरा निघाला. त्याच्या आट्यांवर निळा गोंद वाळलेला होता आणि अर्ध्या डोक्यावर लाल रेघ होती. त्याने तो जुन्या काडीच्या भोकात घातला आणि हळूहळू फिरवला. रेघ रेघेला जुळली.

बदललेला होता तर. कधीतरी मैदानावर, कशासाठी तरी, घरी जाऊन गोंद लावू असं म्हणत. एवाल्ड आठवायला बसला. पडली त्या दिवशीचं त्याला सगळं आठवत होतं, वारा कुठून होता, प्रेबेनने कुठली टोपी घातली होती, केक कोणी आणला होता. त्याआधीचे शनिवारही आठवत होते. स्क्रू बदलल्याचं मात्र काही केल्या आठवेना. पुसट म्हणावं असंही काही नव्हतं. त्याने दोन्ही अंगठे समोर धरून पाहिले. ते जराही हलत नव्हते.

सवयीने राग उसळला आणि बसायला जागा शोधू लागला. प्रेबेनवर बसेना. मग टोवेवर बसला, आणि चांगलाच बसला. तिने पाहिलं होतं. सगळ्यांच्या देखत पुसून पाहिलं होतं, आणि अंगठ्याखाली झाकलं होतं. कोणी सांगितलं होतं तिला दया दाखवायला? त्याच्या वाटची बिअर तिने का आणायची, आणि त्याने ती वर तोंड करून का प्यायची? त्याने फोन उचलला. पण तिचा नंबर लावता लावता त्याला तिचा प्रश्न आठवला. हा स्क्रू तूच लावला होतास का रे, मध्ये कधी? तिने विचारलं होतं. त्याने राजेसाहेबांचा विनोद केला होता. एवाल्डने फोन खाली ठेवला आणि पावाच्या डब्यावरची पेटी उचलली.

शनिवारी तो बाटल्या खणखणवत क्लबच्या खोलीत शिरला आणि क्रेट टेबलावर ठेवला.

"ही कोणाची?" प्रेबेनने विचारलं. "आज तर अजून काही पडलंही नाही."

"माझी. त्या दिवशी पडलं त्याची. काळा स्क्रू मी लावला होता."

प्रेबेनने एवाल्डचा चेहरा पाहिला आणि तो ओपनर शोधायला लागला. टोवे राईच्या पावाला लोणी लावत होती. तिने मान वर केली नाही, पण लोणी एकाच जागी पुन्हा पुन्हा लावत राहिली.

मैदानावर वारा होता. टिटवीच्या डोक्यावरची आडवी दांडी गेली होती, त्यामुळे ती भादरल्यासारखी दिसत होती. पोटाशी टोवेची पेटी होती. प्रत्येक स्क्रूवर लाल रेघ होती, थोडी जाडी, थोडी वाकडी. नेलपॉलिश मागताना दुकानातल्या मुलीने एवाल्डला कुठली छटा हवी विचारलं होतं, आणि तो तिच्यावरही खेकसून आला होता.

त्याने कपाटातली केबल काढली, धूळ झटकली, एक टोक आपल्या रिमोटला लावलं आणि दुसरं टोवेपुढे धरलं.

"ती रद्द केलीये समितीने," टोवे म्हणाली.

"मला माहितीये."

तिने ते टोक हातात घेतलं. मग आपल्या रिमोटला जोडलं आणि बोट खटक्यावर ठेवलं. दोघंही टिटवीकडे पाहत होते. पाती फिरायला लागली, गवत आडवं झालं.

"ताबा कधी घेऊ, मास्तर?"

"तुला दिसेल तेव्हा घे," एवाल्ड म्हणाला. त्याचा आवाज अजून रागावलेलाच होता. "पण या वेळी मला सांगून घे."