एका तारेवरची नऊ घरं

१९५८च्या सप्टेंबरात, सस्कॅचेवानच्या माळावरच्या एका स्वयंपाकघरात, ओलेनाने भिंतीवरच्या टेलिफोनची मूठ फिरवली आणि विनिपेगला आईशी बोलू लागली. नोकरीवर रुजू व्हायला ती व्हँकूव्हरला निघाली होती. वाटेत दोन दिवस मावशीकडे उतरली होती.

"आई, काकांचा पाय मोडलाय गं. मावशी सगळ्यांना मुरगळलाय म्हणून सांगते. गहू तसाच उभा आहे. बर्फ पडला की संपलं, शेत विकावं लागेल."

दारात बादली आदळली. ओडार्कामावशीने धावत येऊन फोन ओढला आणि जागेवर टांगला.

"कार्टे, काय केलंस हे!"

"आईशीच तर बोलत होते."

"आईशी? नऊ घरांशी बोललीस! एका तारेवर नऊ घरं आहेत इथं. घंटी कुणाचीही वाजो, सगळ्यांचे कान फोनला. त्यांच्या घरातल्या घड्याळाची टिकटिक नाही आली ऐकू?"

आली होती. ओलेनाला वाटलं होतं, आईनं नवं घड्याळ घेतलं.

आतून ओस्तापकाकांचा आवाज आला, "आता माझी कीव करायला या म्हणावं सगळ्यांनी. त्या एयनारलाही बोलवा."

एयनार शेजारचा. कुंपणालगतच्या पट्टीवरून भांडण झाल्यापासून अकरा वर्षं दोघं बोलले नव्हते. पोस्टात भेटले तरी एकमेकांकडे पाठ करून उभे राहत.

काका त्या दिवशी जेवले नाहीत. ओलेनाने बॅग भरून ठेवली.

दुसऱ्या दिवशी दव वाळायला दहा वाजले. मावशी अंगणात कपडे वाळत घालत होती, ती एकदम थांबली. पूर्वेला धूळ उठली होती. मग उत्तरेला. मग चारी बाजूंनी. त्या सपाटीवर येणारा माणूस अर्धा तास आधी दिसतो. ओलेना कुंपणाला धरून उभी राहिली आणि धुळीचे ठिपके मोठे होत होत कापणीची यंत्रं झाली. एकामागून एक आठ. आभाळाखाली एवढं काही हलताना तिनं कधी पाहिलं नव्हतं. पायाखालची जमीन थरथरत होती. मावशीच्या हातातली ओली चादर मातीत लोळत होती, तिला भान नव्हतं.

सगळ्यात पुढे एयनार. घराकडे न बघता तो थेट वादातल्या पट्टीत शिरला. ती आधी कापली आणि तिचा गहू ओस्तापकाकांच्या कोठारात ओतला.

काका खुर्ची ओढत खिडकीशी आले. बराच वेळ बघत बसले.

"ओळ वाकडी जातेय त्याची," ते म्हणाले.

मावशी चादर उचलून आत आली.

"ओडार्का, जेवायला बावीस जण तरी असतील. बटाटे जास्त लाव." मग खिडकीकडेच तोंड ठेवून म्हणाले, "एयनारला कांदा सोसत नाही. त्याचं वेगळं काढ."

ओस्तापकाका पुढे बारा वर्षं लंगडत शेती करत राहिले. ते गेले तेव्हा एयनारने पेटीला खांदा दिला, आणि वर्षभरात तोही गेला. मावशी जमीन विकून गावात राहायला गेली आणि नव्वदीपर्यंत जगली. ओलेनाची त्या दिवशीची गाडी चुकली. आठवडाभर भांडी घासून ती व्हँकूव्हरला पोचली, तेव्हा तिच्या जागी दुसरीला घेतलं होतं. पुढे दुसरी नोकरी लागली, लग्न झालं. चाळीस वर्षं ती तिथेच राहिली. पाहुणे आले की नवरा सगळ्यांना समुद्र दाखवायला न्यायचा. पाहुणे थक्क व्हायचे. ओलेना जराशी बघायची आणि म्हणायची, हो, छान आहे.