उम्म आयेदची भिंत

घरमालक आयेदने भाडेकरूंना गावी जेवायला नेलं, ते जुन्या घराला निरोप द्यायला. सौदी अरेबियातल्या खमीस मुशैतच्या डोंगरात, उतारावरच्या शेतांमध्ये त्याच्या पणजोबांनी बांधलेलं ते तीन मजली दगडी घर. खाली गुरं, मध्ये धान्य, वर माणसं. आता उत्तरेच्या भिंतीला पोट सुटलं होतं आणि आयेदने बुलडोझर सांगून ठेवला होता.

बायकांच्या पंगतीत त्याची आई, उम्म आयेद, जेवतच नव्हती. "घर म्हातारं झालं म्हणतो," ती शेजारी बसलेल्या मधुमतीला म्हणाली. "मीही झाले. मला कधी पाडणार, विचार त्याला."

मधुमती नाशिकची आर्किटेक्ट. नवरा बाळकृष्ण हॉस्पिटलात इंजिनिअर. त्याच्यामागून ती इथे आली आणि तेव्हापासून तिने कागदावर एक रेघ मारली नव्हती. जेवण झाल्यावर ती उम्म आयेदसोबत त्या भिंतीपाशी गेली. बाहेरून सिमेंटचा गिलावा होता. तिने बोटांनी ठोकून पाहिलं, आवाज पोकळ आला. वेल्समध्ये शिकताना तिने दगडी शेतघरं मोजली होती, तिथल्या भिंतींना हाच आजार होता.

"हा गिलावा कोणी केला?"

"आयेदनेच. घर नवं दिसावं म्हणून."

मोडक्यातोडक्या अरबीत मधुमतीने तिला समजावलं. भिंत दुहेरी आहे, मध्ये माती आणि खडी. सिमेंटमुळे आत शिरलेलं पाणी बाहेर पडत नाही. माती फुगते आणि बाहेरच्या दगडांना ढकलते. गिलावा काढायचा, फुगलेला भाग उतरवून पुन्हा रचायचा. घर उभं राहील.

म्हातारी झटकन वळली आणि थेट पुरुषांच्या खोलीत जाऊन मुलासमोर उभी राहिली. "घर पाडायचं नाही. मधुमती भिंत नीट करून देईल."

परतताना गाडीत बाळकृष्ण वैतागला होता. "मधू, तो आपला घरमालक आहे. भिंत कोसळली तर?"

"टेकू दिल्यावर नाही कोसळणार."

"एवढी खात्री?"

"हो," ती म्हणाली. असं ठामपणे ती कितीतरी दिवसांत बोलली नव्हती.

आयेदने पाऊस सुरू होईपर्यंत मुदत दिली. त्याच्याच बांधकाम कंपनीतला चिपळूणकडचा गवंडी कमलाकर दिमतीला मिळाला. मधुमती रोज काळ्या पायघोळ अबायात, उम्म आयेदच्या सोबतीने, मधल्या मजल्याच्या खिडकीतून काम सांगे.

गिलावा उतरवताना भिंतीचा एक मोठा तुकडा धडाडकन खाली आला. कोणाला लागलं नाही, पण धूळ बसायच्या आत आयेदने मोबाइल काढला. "खलास! बुलडोझर येऊ दे."

उम्म आयेद खाली आली आणि उंबऱ्यावर बसली. "येऊ दे. मी इथेच आहे."

मधुमती तिच्यामागून उतरून भिंतीपाशी गेली. तिने वर पाहिलं. टेकू जागचे हलले नव्हते, वरचा मजला जसाच्या तसा होता. "आयेदभाई, पडला तो सुटलेलाच भाग होता," ती म्हणाली. "आपण तो उतरवणारच होतो."

आयेदने आधी टेकूंकडे पाहिलं, मग आईकडे. फोन खिशात गेला.

मग भिंत चढू लागली. दर थोड्या अंतरावर एक लांब दगड आरपार घातला, दोन्ही बाजू एकमेकींना बांधून ठेवणारा. भिंतीचा वरचा भाग मातीचा होता, त्यात पातळ फरश्यांच्या ओळी बाहेर काढल्या, पावसाचं पाणी भिंतीपासून लांब पडावं म्हणून. "मॅडम, सिमेंट नसताना काम करायला मजा येते," कमलाकर म्हणाला. "दगड नीट बसला की हाताला कळतं."

टेकू काढायच्या दिवशी सगळं गाव जमलं. कमलाकरने एकेक टेकू सैल केला. शेवटचाही निघाला. आतलं लाकूड एकदा करकरलं आणि गप्प झालं. कमलाकरने वरून ओळंबा सोडला. दोरी भिंतीलगत सरळ, स्थिर लटकली.

"मॅडम, सुतात आहे!" तो ओरडला.

वरच्या खिडकीतून उम्म आयेदने जीभ हलवत आनंदाची लांबलचक किलकारी दिली. साऱ्या गच्च्यांवरून बायकांनी तिला साथ दिली. आयेद जिना चढून वर गेला आणि आईच्या कपाळाचं चुंबन घेतलं. मधुमती हसत होती, रडतही होती, आणि तिला कशाचीच पर्वा नव्हती.

खाली आयेदच्या चुलत्याने बाळकृष्णाला गाठलं. "माझ्याही घराची भिंत फुगलीय. बाईसाहेब कधी बघायला येतील?"

बाळकृष्णाने खिडकीतल्या मधुमतीकडे पाहिलं. "उद्याच," तो म्हणाला. "मी गाडी काढतो."