चुकायचं तर मोठ्यानं

कोथरूडच्या आमच्या कॉलेजात मी शाळांसाठी संगीत-शिक्षक तयार करते आणि बँड चालवते. नोकरी लागली तेव्हा माझी वेणी कमरेपर्यंत होती; आता मे महिन्यात निवृत्त होतेय. मधल्या काळात शेजारच्या सोसायट्यांनी तक्रारींचा रतीबच घातला. त्यांच्याकडे गणपतीत भिंती हादरतात, पण आमचा ट्रम्पेट म्हणे दुपारची झोप मोडतो.

माझी शिकवायची पद्धत साधी आहे. चुकायचं तर मोठ्यानं. घाबरून पुटपुटणाऱ्याची चूक मला सापडत नाही, आणि न सापडलेली चूक पुढे शिक्षक होऊन शाळेत जाते.

गेल्या स्नेहसंमेलनात ओवीच्या ट्रम्पेटचा वरचा सूर फाटला. पाहुणे हसले, आणि कुणीतरी व्हिडिओही फिरवला. म्हणून यंदा प्राचार्य भोंडव्यांनी मला बोलावून घेतलं.

"या वेळी रेकॉर्डिंग लावू. आपल्याच जुन्या बॅचचं आहे, बक्षीस मिळवलेलं. मुलं नुसती वाजवल्यासारखं करतील."

"आणि मी?"

"आपण हात हलवायचे."

"मग पुढच्या वर्षी मुलं तरी कशाला?"

"तोच विचार चाललाय," ते शांतपणे म्हणाले. "तुमच्यानंतर हे पद भरायचं नाही. बँडच्या खोलीत स्टुडिओ करू."

रागानं माझे कान तापले. जिना उतरेपर्यंत माझं ठरलं होतं.

मुलांना मी सगळं सांगितलं. "मी वाजवल्याचं सोंग करणार नाही. माझं काय, मी चालले. तुम्हाला मात्र इथंच परीक्षा द्यायच्यात, तेव्हा तुमचं तुम्ही ठरवा."

ड्रमवाल्या सौमित्रनं ओवीकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

"मॅडम, आत्ता लपले ना, तर तो सूर मी आयुष्यभर घाबरतच वाजवीन," ती म्हणाली. "मी लाइव्हच वाजवणार. फाटला तर फाटला."

संमेलनात पडदा उघडला आणि स्पीकरमधून जुना बँड दणक्यात सुरू झाला. मी हात पाठीमागे बांधून उभी राहिले. मुलांनी वाद्यं मांडीवर ठेवली. सभागृहात खसखस पिकली. बँड वाजत होता आणि कुणीच वाजवत नव्हतं, हे शेवटच्या रांगेलाही दिसत होतं. भोंडवे विंगेतून खुणा करत होते. मी त्यांना लांबूनच नमस्कार केला.

रेकॉर्डिंग संपल्यावर मी माइक घेतला. "हे जुन्या मुलांनी वाजवलं, आणि छान वाजवलं होतं. आता यंदाच्या मुलांना ऐका."

मुलांनी वाजवलं. ओवीचा वरचा सूर पुन्हा फाटला, गेल्या वर्षीपेक्षा मोठ्यानं. मला वाटलं ती आता थांबणार. तिनं श्वास घेतला आणि पुढची ओळ तितक्याच जोरात उचलली. माझे डोळे भरून आले, हात मात्र चालू होते. शेवटी टाळ्या पडल्या, पहिल्या रांगेतून नाही, मागून.

विंगेत भोंडवे वाटच पाहत होते. "झाली शोभा? बँड आजपासून बंद."

"फाटलेला सूर ऐकू आला ना, सर? तो आमचा होता."

दुसऱ्या दिवशी बँडच्या खोलीला कुलूप होतं. वाद्यं मुलांनी संमेलनानंतर घरीच नेली होती, ती घेऊन सगळी हजर झाली. आम्ही कँटीनच्या खुर्च्या उचलून थेट प्राचार्यांच्या खिडकीखाली मांडल्या आणि सुरू झालो. पहिली ओळ संपायच्या आत खिडकी उघडली.

"मॅडम, ही काय सरावाची जागा आहे?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात ओवी उभी राहिली.

"नाही ना, सर. मग खोली उघडा. तोवर आम्ही रोज इथंच."

भोंडवे माझ्याकडे पाहत राहिले, मी मुलीला गप्प करावं म्हणून. मी नाही केलं. मे महिन्यात मी घरी बसेन. ओवी अजून दोन वर्षं तिथेच आहे.