फटफटीचा सरकारी उस्ताद

आग लागो त्या फाटकाले! हे मी घरात बसून नाई म्हनून राह्यली, साऱ्या गावासमोर म्हनलं होतं, आन कोनाची हिंमत झाली नाई मले चूप करायची.

नवऱ्याचं नाव मी घेत नाई, पन गाव आमच्या यायले मनसाराम म्हनते. आम्ही ढिवर, मासे धरनारे, तलावाच्या पाळीखाली राहनारे. लढाईत हे ब्रम्हदेशाकडे गेले होते. तिथी पलटनीची फटफटी चालवत, चिखलातून, जंगलातून डाक पोचवत. परत आले तं पुन्हा जाळं खांद्यावर. मग जंगल खात्यानं नाकेदारायले फटफट्या देल्या आन नाकेदार त्या नेऊन सागाच्या झाडावर आदळू लागले. एक तं मेलाच बिचारा, अंगाची हळद उतरली नव्हती त्याच्या. तवा कुठी साहेब लोकायले आमच्या यायची आठवन झाली.

मूल गावी जंगल खात्याच्या डेपोत हे रोजीवर शिकवू लागले. सांभाळून कसं चालवायचं, ढोरं आडवी आली तं काय करायचं, रेतीत चाक कसं धरायचं. एकच गोष्ट दिवसभर घोकून घेत. "मागच्याले हात दाखवल्याबिगर थांबाचं नाई. तुमचा जीव तुमचा हाये, मागच्याचा जीव तुमचा नाई." घरी जेवताना सुद्धा तेच. मी म्हनलं, अवो, मी काय नाकेदार हाओ काय, भात खाऊ द्या मले!

मग नागपूरहून हुकूम आला. साहेबासमोर परीक्षा द्यायची. पास झाला तो सरकारी उस्ताद. छातीवर बिल्ला, पक्की नोकरी, मूलले राहाले क्वार्टर. आन बिल्ला नसला तं शिकवनं बंद, जा आपल्या घरी. मले त्या बिल्ल्याचं काही नव्हतं. मले ते गाव सोडायचं होतं, ते फाटक सोडायचं होतं.

फाटक म्हनजे गावच्या मालकाचं, मालगुजाराच्या वाड्याचं. त्याच्यापुढून बसून जायचं नाई, अशी आमच्या गावची रीत. घोडा असो, बैलबंडी असो, सायकल असो, उतरायचं, मान खाली घालून चालत जायचं, फाटक सरलं की मग बसायचं. माझ्या पहिल्या बाळंतपनाले मले बंडीत घालून मूलले नेत होते. तवाही उतरवलं. कळा देत देत मी त्या फाटकापुढून पायी गेली. आता सरकारनं मालगुजारी खतम केली, मालगुजार नागपूरले जाऊन बसला, फाटकाले कुलूप पडलं. तरी लोकं उतरते ते उतरतेच. आमचे हेही डेपोच्या फटफटीवरून उतरत आन ढकलत नेत. मी भांडायची. "काऊन उतरता? तिथी कोन बसून हाये पाहाले?"

"जाऊ दे ना, सवय हाये," म्हनत.

परीक्षेच्या दिवशी साहेबानं रस्ता निवडला आमच्याच गावाचा. पुढं हे, मागं दोन नाकेदार, आमच्या गावचा पत्रू आन वडशाकडचा दसरू. त्यायच्या मागं जीपमध्ये साहेब. सारं गाव रस्त्याच्या कडेले उभं होतं, मीही होती. काय चालवत होते हो हे! पाठ ताठ, नजर समोर. माझ्या मनात आलं, झालं आता, सुटलो आपन.

फाटक आलं आन यायचे पाय खाली टेकले. हात नाई दाखवला, काही नाई. पत्रूही तसाच टपकन उतरला. तो आमच्या गावचाच. वडशाच्या दसरूले काय माहीत? तो पत्रूले चुकवाले गेला आन यायच्या फटफटीवर आदळला. त्याच्या पायाचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. पोरगं गुरावानी ओरडत होतं.

साहेब धावत आला. दसरूले जीपमध्ये घातलं, मग यायच्याकडे वळला. "आडवं काय आलं होतं?"

"काही नाई जी."

"मग थांबलास का?"

पत्रू मधात बोलला, "साहेब, फाटक हाये ना."

"फाटक तर बंद आहे!"

"हो जी," पत्रू म्हने.

तवाच मी ओरडली, आग लागो त्या फाटकाले म्हनून. साहेबानं माझ्याकडे पाहिलं. मानूस वाईट नव्हता. यायले म्हने, "मनसाराम, तुझ्यासारखा हात मी पाहिला नाही. पण असा थांबलास तर मी तुझ्या मागे पोरं कशी देऊ? परवा मी याच रस्त्यानं परत जाणार. तेव्हा बसून जाऊन दाखव, बिल्ला देतो." सरावाले फटफटीही ठेवून गेला.

त्या राती हे जेवले नाई. "दसरूचा पाय मी मोडला," एवढंच म्हनत होते.

सकाळी मीच उठवलं. "चला, मले मागं बसवा. पाहू कोन उतरवते तुमाले!" जन्मात कधी बसली नव्हती त्या फटफटीवर. यायच्या कमरेले घट्ट धरलं आन कानात सारखी ओरडत राह्यली. "थांबाचं नाई! चालवा! कोनाच्या बापाचा रस्ता नाई तो!"

फाटक दिसलं तशी यायची पाठ कडक झाली. मले वाटलं, आता टेकते पाय. पन नाई. दात खाऊन यायनं वेग वाढवला. आन हे निघून गेले हो फाटकापुढून, बसल्या बसल्या. यायच्या सात पिढ्यांत कोनी गेलं नसेल तसे.

मी मागं नव्हती.

मी रस्त्यावर पडली होती, फाटकासमोर. कवा हात सोडले, कवा उडी मारली, देवाची आन, मले ठाऊक नाई. गुडघा फुटला होता, लुगडं फाटलं होतं, आन त्या गुडघ्याकडे पाहाच्या आंधी मी डोक्यावर पदर घेऊन राह्यली होती.

हे फटफटी फिरवून आले. बसून नाई आले, ढकलत आले. माझा हात धरून उभं केलं. रागावतीन असं वाटलं मले. रागावले असते तं बरं झालं असतं.

"लागलं काय वो?" म्हने. मग म्हने, "उद्या साहेब आला तं सांगून दे, मी येत नाई म्हनून."

"काऊन? तुमी तं गेले! मी पाहिलं ना, तुमी गेले!"

"मागचं मानूस पडलं, कुंता," म्हने.

मग एका हातानं फटफटी आन एका हातानं मले धरून यायनं आमाले फाटकापुढून पायी पायी घरी नेलं.