संध्याकाळची उंची

मित्रांनो, कोरेगावजवळच्या एका मैदानात रोवलेला, उंची मोजायचा जुना सागवानी खांब तो मीच. माजी हवालदार नानासोंनी मला रंधा मारला आणि माझ्या अंगावर सेंटिमीटरच्या खुणा कोरल्या. सैन्यभरतीची तयारी करणारी कितीतरी पोरं मला पाठ लावून उभी राहिली, आणि पुढे गणवेशात भेटायला आली.

पण माझी कसोटी पाहिली ती नानासोंच्या नातीनं, सृष्टीनं. तिच्या शरीरात वाढीचं हार्मोन कमी तयार होत होतं. रोज इंजेक्शन घेऊनही ती एकाच रेघेवर अडकली होती. डॉक्टर राजेश्वरींनी रक्त तपासलं, तेव्हा जस्तही कमी निघालं. हाडांच्या वाढीला तेही लागतं. म्हणून इंजेक्शनच्या जोडीला जस्ताचं औषध सुरू झालं.

नानासोंना धीर कुठला! थोड्याच दिवसांत त्यांनी तिला माझ्यापाशी आणलं. एरवी संध्याकाळी मोजायचे, या वेळी सकाळी उठल्याबरोबर, मैदानातल्या लोखंडी बारला लोंबकळायला लावून मोजलं. भरतीची पोरं तसंच करतात. सृष्टी रेघेच्या वर गेली.

"औषध लागू पडलं," नानासो म्हणाले. "आता सुई बंद. लेकराला किती टोचायचं?"

मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. सुई थांबली असती, तर हाडं वाढण्याचं वय निघून गेलं असतं. ते पुन्हा येत नाही.

सृष्टीला शंका आली. तिनं डॉक्टरांना फोन केला. त्या संध्याकाळी तिनं आजोबांनाच माझ्यापुढे उभं केलं, टकलावर पाटी टेकवली, खडूनं रेघ ओढली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना बारला लोंबकळवून पुन्हा मोजलं.

"आबा, तुमी बी वाढलाय की."

"म्या कुठं औषध घेतलंय?"

"त्येच म्हणतीया. झोपून उठल्यावर समदीच जरा उंच असत्यात. दिवसभर पाठीचा कणा दबतो, असं डॉक्टर म्हणाल्या. ही खरी वाढ न्हाई, आबा. मला सुई बी लागती आन् औषध बी."

नानासो टक्कल चोळत राहिले. "लय शानी झालीस," ते पुटपुटले. "चल घरला. आजची सुई चुकवायची न्हाई."

तेव्हापासून मोजणी फक्त संध्याकाळी, बारला हात न लावता. बांधापलीकडचा ऊस नानासोंच्या डोक्यावर गेला, त्या सुमारास एका संध्याकाळी पाटी सृष्टीच्या केसांवर टेकली. जुनी रेघ तिच्या डोक्यामागे झाकली गेली होती! धावणारी पोरं थांबली आणि टाळ्या वाजवू लागली. नानासोंनी चाकू काढला. तिथं नवी खूण कोरली. मला जरा दुखलं, पण इतकं गोड दुखणं मी कधी सोसलं नव्हतं.

मित्रांनो, उंची नेहमी एकाच वेळी मोजा. डॉक्टरांनी दिलेलं औषध स्वतःच्या मनानं सुरू करू नका, आणि बंदही करू नका. मला मात्र ऊनपावसात तेवढं तेलपाणी करत राहा. सृष्टीच्या खुणेच्या वर अजून बरंच लाकूड कोरं आहे.