कवडूची दोरी

सरकारची पहिली खुंटी भगवंतरावाच्या संत्र्याच्या बागेत ठोकली गेली तेव्हा कवडू आपल्या बांधावर उभा होता. त्याला ते खुपलं. खुंटी ठोकली म्हणून नव्हे. आपल्या बागेत ठोकली नाही म्हणून.

असं कुठं असते का, असं कोणी म्हणेल. बेलखेडीत असते. कवडू आणि भगवंतराव यांची वावरं बांधाला बांध लागून, मधात फक्त केसरबाई म्हातारीची पट्टी. भगवंतरावानं संत्रा लावला तर कवडूनं पुढच्या मृगाला लावला. भगवंतरावाच्या विहिरीला तीस फुटावर पाणी लागलं, कवडूच्या विहिरीला साठ फुटावर आधी एक बेडूक लागला आणि मग पाणी. दर पोळ्याला तोरणाखालून पहिली जोडी जायची ती भगवंतरावाची. मान त्यांच्या घरचा, आजापासून. एकदा भगवंतरावाला हिवताप आला आणि वीसेक माणसं त्याला पाहायला गेली, तेव्हा कवडू चार दिवस कपाळाला हात लावून पाहत होता, आपल्यालाही थोडा आला का म्हणून.

एका गोष्टीत मात्र पंचक्रोशीत कवडूचा हात कोणी धरत नव्हता. दोरी. बाग आखायची तर अठरा-अठरा फुटांवर गाठी मारलेली दोरी ताणायची, गाठीगाठीशी खुंटी ठोकायची, चुन्याची चिमूट टाकायची. कवडूनं आखलेल्या बागेच्या टोकाशी उभं राहिलं की पहिल्या झाडामागे पुढची सगळी झाडं लपून जात. पार बोरगावहून लोक बैलगाडी पाठवून त्याला बोलवायचे.

तर ते साल सत्तावन्न, महिना मे. नवं राज्य होऊन सहाच महिने झाले होते. आजवर सरकार नागपुरात होतं, आणि नागपूर म्हणजे सकाळी तिगावला गाडीत बसा आणि दिवे लागायच्या आत घरी या. आता सरकार भोपाळात गेलं होतं आणि तिथून हुकूम आला होता की तिगाव स्टेशनापासून सौसरच्या रस्त्यापर्यंत सरळ सडक काढायची. ओव्हरसियर मोजणीची साखळी घेऊन आला, लाल चिंध्या बांधलेल्या खुंट्या ठोकत गेला. भगवंतरावाची बाग उभी चिरली जात होती, आणि त्याची विहीर, जिच्यावर अर्धं गाव उन्हाळा काढायचं, ती बरोबर सडकेच्या मधात येत होती.

गाव उठलं. भगवंतरावाच्या ओसरीवर सभा भरली.

"विहीर बुजवून सडक करतेत म्हणजे काय? आमी का डांबर प्यावं?"

"हे भोपाळवाले! यायनं आपलं गाव पाह्यलं तरी हाये का गा?"

"अर्जी करा. मुकुंद मास्तर, ल्याहा."

मुकुंद मास्तर शाळेतले. हिंदीत अर्जी लिहिणारे गावात ते एकटेच. त्यांनी वर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'भगवंतराव तथा समस्त ग्रामवासी'. कवडूनं वाकून पाहिलं. आपण 'समस्त'मध्ये आहोत हे त्याच्या ध्यानात आलं आणि तोंड कडू झालं.

भगवंतराव खांबाला टेकून उभा राहिला, गळ्यातला गमछा सारखा केला आणि म्हणाला, "राजेहो, माह्या बागीचं मले काई नाई. पन गावाची विहीर जाऊ द्याची नाई. सडक न्याची असंन तर पयले माह्या छातीवरून न्या!"

टाळ्या पडल्या. शेजारच्या कलाबाईनं तर डोळ्याला पदर लावला. रोज संध्याकाळी मग तिथंच बैठक, तिथंच चहा. तिगावहून माणसं यायची, भगवंतरावाला पाहून जायची. एका व्यापाऱ्यानं येऊन त्याला हारच घातला.

कवडू घरी येऊन जेवेना.

"काय झालं?" पंचफुलानं विचारलं. ती त्याची बायको. विहिरीला पाणी लागायच्या आधी दोन उन्हाळे तिनं डोक्यावर घागरी वाहून बागेतली बेचाळीस झाडं जगवली होती.

"सरकारचेबी डोये फुटले हायेत," कवडू म्हणाला. "त्याच्या बागीतून सडक जाते, अन् आपल्या बागीले का महारोग झाला हाये?"

"इश्य! बाग वाचली म्हनून मारोतीले नारय फोडा त रडून राहिले!"

"तुले नाई समजत. हार घातला त्याले."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, कुत्रीसुद्धा सावली सोडत नव्हती अशा वेळी, कवडूनं आढ्यावरची दोरी काढली. ओव्हरसियर पांढुरण्याला गेला होता. कवडू भगवंतरावाच्या बागेत शिरला, सरकारी खुंट्या उपटल्या, पोत्यात भरल्या आणि आपल्या हद्दीत येऊन दोरी ताणली. पुढं हात आपोआप चालला. काळी जमीन उन्हानं फाटलेली, भेगा अशा की पाय गुडघ्यापर्यंत जावा. पण दोरी हलली नाही. लाल चिंध्यांची रांग त्याच्या बागेच्या मधोमध अशी उभी राहिली की टोकाशी जाऊन पाहिलं तर एकच चिंधी दिसे. कवडू पाहतच राहिला. आपल्याच बागेची मान कापायची रेघ आखली होती, आणि ती इतकी सुरेख की त्याचा ऊर भरून आला.

केसरबाई तेव्हा आपल्या पट्टीतल्या मोहाखाली पदर तोंडावर घेऊन पडली होती. झोपली होती, असं कवडूला वाटलं.

सकाळी गावात बोंब झाली.

"अगा, सडक आता कवडूच्या बागीतून चालली!"

"विहीर वाचली म्हना!"

"अन् कवडूची बेचाईस झाडं? लेकरावानी वाढोली बिचाऱ्यानं!"

आठ दिवस कवडूनं सुख भोगलं. बैठक त्याच्या अंगणात. चहा त्याच्या चुलीवर. मास्तरांनी नवी अर्जी लिहिली, वर 'कवडू तथा समस्त'. भगवंतराव मागच्या रांगेत पोत्यावर बसला होता आणि त्याचा चेहरा असा झाला होता की कवडूला वाटलं, याला पाहायला तिकीट लावावं.

कवडू उभा राहिला. "राजेहो," तो म्हणाला, "माह्या छातीवरून..." आणि पुढचं विसरला. तरी टाळ्या पडल्या.

नवव्या दिवशी ओव्हरसियर परत आला. खुंट्यांच्या टोकाशी उभा राहिला, एक डोळा मिटला आणि टोपी काढली.

"वाह! मैंने इतनी सीधी लाइन कब डाली?" तो स्वतःशीच म्हणाला. पण चांगलं काम आपलंच आहे हे मानायला माणसाला वेळ लागत नाही. त्यानं तिथंच कागद पसरला, रेघ ओढली आणि सांगून गेला, "येत्या सोमवारी बडे साहब येतात. ही लाइन पक्की. पाऊस पडायच्या आधी झाडं तोडून टाकू."

इतके दिवस कवडूला सभा दिसत होती, हार दिसत होता, कुऱ्हाड दिसली नव्हती. तो बागेत गेला. झाडांवर यंदा पहिल्यांदाच फळ धरलं होतं, लिंबाएवढं, हिरवं. पंचफुला तिथं आधीच उभी होती. तिच्या हातात दोरी होती. गाठींना सरकारी चिंध्यांचे लाल दोरे चिकटले होते.

ती ओरडली नाही. तेच वाईट.

"ह्या झाडाले मी सात महिन्याची पोटुशी असतानी पानी घातलं," ती म्हणाली. "त्या झाडाले तुमी आजारी असतानी. कोनतं तोडाचं पयले, सांगा."

"मी सांगतो साहेबाले. उपटल्या म्हनतो."

"अन् जेलात गेल्यावर?"

पंचफुलानं दोरी गुंडाळली आणि कमरेला खोचून निघून गेली. त्या दिवसापासून कवडूला घरात दोरी दिसली नाही आणि विचारायची छाती झाली नाही.

सोमवारी बडे साहब जीपमधून उतरले. गाव जमलं. कवडू 'मीच तो' हे शब्द तोंडात घोळवत बागेपाशी आला आणि तिथंच थबकला. रात्री नीट होती ती रांग सकाळी नव्हती. अर्ध्या खुंट्या भगवंतरावाच्या बागेत, तीन केसरबाईच्या पट्टीत, उरलेल्या कवडूकडे, आणि सगळी ओळ बैल चालता चालता मुतल्यासारखी. एक खुंटी तर उलटी ठोकलेली.

कवडूनं एका नजरेत ओळखलं. दोरी धरणाऱ्याला दुसऱ्याचा हात कळतो. बाग आखताना भगवंतराव असाच डावीकडे झुकायचा. याला बागेचं दुःख नव्हतं, विहिरीचं नव्हतं. याला मागच्या रांगेतलं पोतं टोचलं होतं! कवडूनं वळून पाहिलं. भगवंतराव आभाळाकडे पाहत होता, आणि आभाळात काही नव्हतं.

"यह क्या है?" बडे साहब ओरडले. "नक्शा एक बोलता है, काग़ज़ दूसरा, ज़मीन तीसरा! सरकारी खूँटी को हाथ किसने लगाया? जेल भेजूँगा!"

ओव्हरसियर टोपी काढून पुन्हा घालू लागला, कारण दोन्ही कागदांवर सही त्याचीच होती. कवडूनं 'मीच तो' गिळून टाकलं, भगवंतरावानं गमछा सारखा केला. तेवढ्यात बांधावर बसून खुरप्याला दगड लावत असलेली केसरबाई बोलली.

"हात कोनी नाई लावला, साहेब. चालल्या त्या."

"कौन चला?"

"खुट्या. आमची भुई कायी हाये ना बाप्पा. उनात फाटते, पान्यात फुगते, एका जागी राहात नाई. माह्ये सासरे सांगत, लग्नाच्या येळी त्यायचं घर मारोतीच्या उजवीकडे होतं, बारशाच्या येळी डावीकडे."

मागं कोणीतरी खोकलं. म्हातारीनं दगड फिरवणं थांबवलं नाही.

"माह्या इळा मागच्या चैतात या भेगीत पडला. आखाडात कुठी सापडला म्हन्ता? भगवंतरावाच्या विहिरीत. बादलीत आला वर. अन् कोंबडी गेली होती, ते अजून निंघाची हाये. एखांद्या दिवशी तिगावच्या फलाटावर पिलं घेऊन निंघन."

"बकवास!" साहेब गरजले आणि त्यांनी छडी जमिनीवर आपटली.

देवाच्या मनात असलं की असं होतं. छडी नेमकी भेगेत गेली. मुठीसकट. साहेब वाकले तर पाय गेला. चपराशानं आणि ओव्हरसियरनं दोन्ही बगलेत धरून त्यांना वर काढलं, तेव्हा पाय आला, बूट नाही आला. चपराशी पोटावर झोपून खांद्यापर्यंत हात घालून चाचपत होता आणि केसरबाई शांतपणे सांगत होती, "राहू द्या, साहेब. पोयाच्या सुमारास विहिरीत पाहू."

ओव्हरसियरला उजेड दिसला. "जी हाँ सर," तो घाईनं म्हणाला, "मैंने भी देखा। दो बार लाइन डाली, दोनों बार सरक गई। इसीलिए नक्शा नहीं मिलता।"

बडे साहब एका पायात बूट घालून जीपपर्यंत चालत गेले. मग जीपमध्ये बसून त्यांनी कागदावर लिहिलं. मास्तरांनी खांद्यावरून वाचलं, 'भूमि चलायमान. सड़क के अयोग्य.' सडक पुढं टेकाडावरच्या बरड जमिनीतून गेली, जिथं कोणाचं झाड नव्हतं आणि विहीर नव्हती. मास्तरांच्या दोन्ही अर्ज्या भोपाळात कोणी उघडल्या की नाही, ते भोपाळालाच ठाऊक.

गावानं त्या दिवशी केसरबाईला खांद्यावर घ्यायचं बाकी ठेवलं. संध्याकाळी तिनं कवडू आणि भगवंतराव दोघांनाही मोहाखाली बोलावलं.

"झोप लागत नाई मले, दुपारची ना रातची," ती म्हणाली. "म्हातारपन हाये. आधी एक आला, दोरी घेऊन. मंग दुसरा आला, दोरीबिगर. दोघंबी चोरावानी. मी कोनाले सांगनार नाई."

दोघंही उठू लागले.

"पन यंदा पोयाले माह्या बैल पयले."

भगवंतरावाचं तोंड उघडलं. आजापासूनचा मान! मग बेलखेडीतल्या साऱ्या भेगा आणि जेलाच्या भिंती त्याच्या डोळ्यांपुढून गेल्या असाव्यात. "बरं," तो म्हणाला.

"पन मावशी," कवडूनं घाईनं विचारलं, "तुमच्यापाशी त एकच बैल. मानाले जोडी लागते. माह्या ढवळा घ्या ना सोबत."

"कायले?" भगवंतराव तडकला. "माह्या पवळ्या घेन ते!"

"तुह्या पवळ्यानं आजवर कमी मान खाल्ला का बे?"

"अन् तुह्या ढवळा लाथा मारते!"

"तोंड बंद करा," केसरबाई म्हणाली. "दुसरा मी पाहीन."

पोळ्याच्या दिवशी गावाबाहेर, गुरं जमतात त्या आखरावर, आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं. बैलांना झुली घातल्या, शिंगांना बेगड लावली. डफडी वाजली आणि सगळ्यांच्या पुढं केसरबाईचा तांबडा बैल निघाला, एका पायानं लंगडत. जोखडाचं दुसरं टोक केसरबाईनं स्वतःच्या खांद्यावर घेतलं होतं. नवं लुगडं, कपाळाला गुलाल, पंधरा वर्षं ज्याच्यासोबत वावर ओढलं त्या बैलाच्या जोडीला जोडी होऊन म्हातारी तोरणाखालून गेली. गाव असं गरजलं की झाडावरची वटवाघळं उठली. तिच्यामागं भगवंतराव. त्याच्यामागं कवडू.

"लंगडा बैल," तो पंचफुलाला म्हणाला, "अन् टाया पाहा."

"कासरा पाह्यला का त्याचा?" पंचफुलानं विचारलं.

कवडूनं मान उंच केली. तांबड्या बैलाचा कासरा गुलालानं रंगवला होता. त्याला अठरा-अठरा फुटांवर गाठी होत्या. बैलाला एवढा लांब कासरा कोण बांधतो? दोन गाठी मागं लोंबत, धुळीतून घासत तोरणाखालून गेल्या.

"बाग वाचली त्याची किंमत हाये. तुमीच दिली," पंचफुला म्हणाली. "मी निस्ती नेऊन पोचवली."

त्याची दोरी! पोळ्यात पहिली! भगवंतरावाच्या बैलाच्या आधी, भगवंतरावाच्या नाकासमोरून! कवडूच्या अंगावर काटा आला. त्यानं पुढं वाकून भगवंतरावाच्या पाठीवर हात ठेवला, तोंड त्याच्या कानाशी नेलं.

"काय गा?" भगवंतरावानं मागं पाहिलं.

कवडू उघड्या तोंडानं उभा राहिला. दोरी कोणाची हे सांगायचं तर ती म्हातारीकडे कशी गेली हे सांगावं लागत होतं, आणि ते सांगायचं तर मग सगळंच.

"काई नाई," तो म्हणाला. "चाल पुढं."