कुंड निवलंय

"त्या नळीला काय कळतंय मॅडम? हात घाला, हात!" असं म्हणत सगुणाने मनगटापर्यंत हात लहान कुंडात बुडवला आणि खुशाल तसाच ठेवला. "हे बघा. निवलंय. आधी असा हात ठेवायची कोनाची टाप नव्हती."

रुचिकाने तिचं ऐकून चार बोटं पाण्यात घातली आणि "आई गं!" म्हणून लगेच काढली. सगुणाला हसू आलं. शहरातली नाजूक कातडी, दुसरं काय!

रुचिका सरकारी खात्यातून पाणी तपासायला आली होती. पंचविशीतली मुलगी, गळ्यात ओळखपत्र, पाठीवर तिच्याहून मोठी पिशवी, हातात पाण्याची उष्णता मोजायची नळी. ती यावी म्हणून सगुणाने वर्षभर गावाचं डोकं खाल्लं होतं. ग्रामसभेत गटाराच्या झाकणांवर चर्चा चालली असताना ती उभी राहिली आणि सरपंच शिवदासला म्हणाली, "कुंड मरतंय आनि तुम्ही झाकनं कसली मोजता?" शिवदासने दोन-तीन महिने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मग कंटाळून अर्ज केला.

कुंड गावाबाहेर, डोंगराच्या पायथ्याशी. जागा सरकारी. फाटक नाही, तिकीट नाही, कोणीही यावं, अंग शेकावं आणि जावं. लहान कुंडात पाणी जमिनीतून बुडबुडत वर येतं आणि तिथून मोठ्या कुंडात उतरतं. मूळ पाणी अंगाला सोसत नाही, म्हणून ओढ्याच्या गार पाण्याचा एक पाट मोठ्या कुंडात आणून सोडलाय. पाटाच्या तोंडाशी एक धोंडा आहे. तो बाजूला सरकवला की गार पाणी जास्त येतं, आत लोटला की कमी. तो किती सरकवायचा हे ठरवणं, हेच सगुणाचं काम. झाडलोट आणि शेवाळ घासणं काय, कोणीही करेल.

नवरा गेल्यावर ग्रामपंचायतीने तिला इथे ठेवली, त्याला सव्वीस वर्षं झाली. रोज उजाडताना कुंडात पहिला हात तिचा. मग धोंडा. मग माणसं. उरणपासून श्रीवर्धनपर्यंतचे लोक दुखरे गुडघे आणि आखडलेल्या कंबरा घेऊन येत आणि काठावर उभे राहून विचारत, "सगुणा, उतरू का?" ती "उतरा" म्हणाली की उतरत. एक डॉक्टर यायचे, तेसुद्धा आधी तिला विचारत. गावात तिला दुसरं कोणी काही विचारत नसे, हेही खरं.

तिला मात्र एकच गोष्ट विचारायची असे. हे पाणी तापतं कुठे? येणाऱ्या प्रत्येकाला तिने विचारून पाहिलं होतं. मास्तर म्हणाले गंधक, कीर्तनकार म्हणाले देवाची करणी, उरणच्या गॅसच्या कारखान्यातला एक जण म्हणाला, खाली नक्की गॅस असणार. प्रत्येक उत्तरावर ती मान डोलवायची आणि पुढच्या माणसाला पुन्हा विचारायची.

दोन वर्षांपूर्वी पलीकडच्या माळावर कोणीतरी बंगला बांधला आणि बोअर मारली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी सगुणाच्या हाताला पाणी कोमट लागायला लागलं. तिने धोंडा दोन बोटं आत लोटला. महिन्याभराने आणखी दोन बोटं. गेल्या पावसानंतर तर पाट जवळजवळ बंदच. गंमत अशी की आंघोळ करून निघालेले लोक उलटंच बोलत. "हल्ली कुंडाला तेज आलंय हां!" लालबुंद पाठी घेऊन ते खूश होऊन जात. सगुणाला वाटायचं, आपल्याला बरं वाटावं म्हणून बोलतात बिचारे.

"शेहेचाळीस अंश," रुचिका नळीवरचा आकडा वाचून म्हणाली. तिने पिशवीतून एक जुना कागद काढला. "आणि हे बघा मावशी, तीस वर्षांपूर्वीची नोंद. तेव्हाही शेहेचाळीसच. बोअरने काही झालेलं नाही. तुमचं कुंड ठणठणीत आहे."

"तुझी नळी बिघडलेय." सगुणाचं 'मॅडम' एव्हाना गळून पडलं होतं.

पोरगी गुणाची. रागावली नाही. तिने दुसरी नळी काढून पाण्यात सोडली आणि आकडा स्थिर होईपर्यंत कठड्यावर बसून राहिली. तेवढ्यात सगुणाने संधी साधली. "मला सांग, हे तापतं कुठं?"

"खूप खोल. पावसाचं पाणी दगडाच्या भेगांतून खाली खाली जातं. जितकं खोल जाल तितकी जमीन गरम. तिथे तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. त्याला खूप वर्षं लागतात."

"म्हंजे हे पानी माझ्या लग्नाच्या आधी पडलेलं?"

"तुमच्या आजीच्या लग्नाच्याही आधी असेल."

सगुणा तोंडाला पदर लावून पाण्याकडे बघतच राहिली. सव्वीस वर्षं विचारलेल्या प्रश्नाचं हे पहिलंच उत्तर होतं, ज्यावर तिला लगेच दुसरे दहा प्रश्न सुचले. पण तेवढ्यात दुसरी नळीही शेहेचाळीसच म्हणाली.

"न्हाय," सगुणा हट्टाने म्हणाली. "माझा हात खोटा सांगनार न्हाय. थांब, आपन बघूच." तिने खोपटातून दोन पितळी तांबे आणले. "एकात कुंडाचं भर, एकात ओढ्याचं गार मिसळ. मी डोळे मिटते. कुठला कुठला ते मी सांगते, मग तुझ्या नळीला विचार."

रुचिकाने तांबे भरून समोर ठेवले. सगुणाने डोळे मिटून दोन्हींत बोटं बुडवली. "ह्यो गरम," ती ठामपणे म्हणाली. डोळे उघडले तर रुचिकाची नळी दुसऱ्याच तांब्याला गरम म्हणत होती.

"परत," सगुणा म्हणाली. परत चुकलं. तिसऱ्या वेळी तिने बराच वेळ बोटं पाण्यात ठेवली. या हाताने, त्या हाताने, आलटून पालटून. तिच्या बोटांना दोन्ही तांब्यांतलं पाणी सारखंच लागत होतं.

"मावशी, कोपर लावून बघा," रुचिका हळूच म्हणाली. "बाळाच्या आंघोळीचं पाणी बघतात तसं."

सगुणाने कोपर डाव्या तांब्यात बुडवलं. मग उजव्या. उजव्यातून ते असं झटक्याने बाहेर आलं की तांबा कलंडला.

रुचिकाने कलंडलेला तांबा उचलून सरळ ठेवला. मग रुचिकाने विचारलं, "बोटांना मुंग्या येतात का?"

"येतात की. झाडूमुळं येतात."

"डॉक्टरांना दाखवा. रक्तातली साखरही तपासून घ्या. हयगय करू नका हां मावशी, भाजलेलंही कळायचं नाही."

खोटं कशाला सांगा, सगुणाला आधी आनंदच झाला. दोन वर्षं ती कुंडाच्या नावाने मनातल्या मनात रडत होती, आणि कुंड जागच्या जागी धडधाकट होतं. तिने वाकून पाण्याला नमस्कार केला. वाकलेली असतानाच तिची नजर धोंड्यावर गेली. पाट बंद होता. तिनेच बंद केलेला. आता तिचा आनंद पार गेला.

मोठ्या कुंडाच्या पायरीवर श्रीवर्धनचे अब्दुस्समदचाचा टॉवेल मांडीवर घेऊन कधीचे बसले होते. सुपारीच्या बागेत आयुष्य गेलेला माणूस. गुडघे धरले तेव्हापासून दर गुरुवारी येत. सगुणा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"चाचा, खरं सांगा. पानी कसं असतंय हल्ली?"

चाचांनी टॉवेलची घडी मोडली, परत घातली. "कडक असतं बेटी."

"किती दिवस?"

"झाली दोनेक वर्षं."

"मग बोललात का न्हाय? मी गार हाय सांगते आनि तुम्ही मुकाट उतरता?"

"तू हात घालून सांगतेस," चाचा म्हणाले. "मला वाटलं, माझीच चमडी म्हातारी झाली. तुला कसं खोटं पाडू?"

सगुणाला हुंदका आला. तिने तो लपवला नाही. मग डोळे पुसून ती पाटाशी गेली, ओणवी झाली आणि दोन्ही हातांनी धोंडा ओढला. शेवाळात रुतलेला धोंडा हळूहळू निघाला आणि ओढ्याचं पाणी खळखळत मोठ्या कुंडात शिरलं. किती येऊ द्यायचं, हे मात्र तिला कळेना. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच ती धोंडा धरून थांबली.

"चाचा, तुम्हीच पाय घाला," ती म्हणाली. "बरं लागलं की सांगा."

चाचांनी पाय पाण्यात सोडला. थोडा वेळ गेला. रुचिका नळी हातात घेऊन आली होती, पण ती पुढे करायचं तिच्या जिवावर आलं.

"अजून थोडं," चाचा म्हणाले. "आनखी. हां. बस, आता बरोबर."

सगुणाने धोंडा तिथेच टेकवला. चाचा एकेक पायरी उतरून गळ्यापर्यंत पाण्यात बसले आणि त्यांनी डोळे मिटले. ती त्यांच्यामागे पायरीवर टेकली. सवयीने तिचा हात पाण्यात गेला, तो तिने तसाच राहू दिला. पाणी आहे, ओलं आहे, एवढं कळत होतं.